मेथीचा वाफा आणि आजींचा कोंबडा

आमचं पहिलं मूल नवव्या दिवशी गेलं आणि माझी बायको बोलेनाशी झाली. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. डोंबिवलीत, जुन्या गावाच्या कडेला, एका आगरी आजींच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो.

एके दिवशी तिने आपणहून मागची माती उकरून मेथी टाकली. चौथ्या दिवशी कोंब वर आले तेव्हा तिने मला हाक मारली, "अहो, बघा." दीड महिन्यातले तिचे पहिले शब्द. त्या क्षणापासून माझा जीव त्या वाफ्यात अडकला.

आजींचं मांजर ओल्या मातीत घाण करायला येई. मी रोपांमधून बोरीच्या काट्या पसरल्या, ते यायचं थांबलं. कोंबड्यांसाठी कारवीच्या काठ्यांचं कुंपण केलं, वरून खाडीवरच्या एका कोळ्याचं फाटकं जाळं ताणलं. कोंबड्या हरल्या. पण आजींचा एक थोराड तांबडा कोंबडा होता. तो उडून जाळ्यावर बसे, जाळं खाली दबे आणि तो शेंडे खुडून खाई. नाहीतर कुंपणाखालून उकरून आत शिरे. बायकोने पुन्हा मेथी टाकली, तीही गेली. तिसऱ्यांदा ती बी मुठीत घेऊन नुसती उभी राहिली, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मी आजींकडे गेलो. कोंबड्या त्या रात्री डाल्याखाली झाकून ठेवत, तसा कोंबडा रोपं वीतभर होईपर्यंत दिवसाही झाकावा, त्याचं दाणापाणी मी करीन, असं विनवलं.

"त्याला झाकायचा नाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "रागावू नको."

का, ते सांगेनात. मी देशावरचा माणूस, मला वाटलं, हा घरमालकिणीचा ताठा.

रविवारी दुपारी आजी शेतावर गेल्या होत्या. मी तांदूळ टाकले आणि कोंबडा टिपायला आला तशी त्याच्यावर गोणपाट टाकलं. पाय बांधून त्याला पिशवीत घातलं, ठाकुर्लीच्या पुढे कल्याणच्या वाटेने चालत गेलो आणि एका परक्या खळ्यावर सोडून दिला. मारला तर नाही, असं येताना स्वतःला बजावत होतो.

आजी तीन दिवस त्याला हाका मारत हिंडल्या. चौथ्या दिवशी आशा सोडून आमच्या पायरीवर बसल्या आणि बायकोला सगळं सांगितलं. मिठागरात काम करणाऱ्या त्यांच्या मुलाचा पाय सडायला लागला होता. तेव्हा त्यांनी गावदेवीला तो कोंबडा बोलला होता. नवसाचा कोंबडा कोंडायचा नाही आणि फिटेपर्यंत नवस कुणाला सांगायचा नाही. मुलगा उठून चालू लागला तरी जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांनाही जेवण होईल म्हणून त्यांनी तो तोवर ठेवला होता.

"माजीच चूक," त्या म्हणाल्या. "देवीचं वेळेवर दिलं नाय मी. आता पोराचं काय होईल?"

मी आतून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या खळ्यावर धावलो. आदल्या दिवशी पाहुणे आले होते, असं तिथल्या बाईने हसत सांगितलं.

परत आलो तेव्हा बायको दारातच होती. "तुम्ही काही केलं नाहीत ना?"

"मी कशाला काय करू? मुंगसाने नेला असेल."

तिने विश्वास ठेवला. कुंपणाच्या काठ्या तिनेच उपटल्या; आजींना बरं वाटेल, त्यांच्या कोंबड्या येऊ देत म्हणाली. मग ती रोज आजींच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. तिथेच ती आमच्या मुलासाठी पहिल्यांदा रडली, तिथेच पोटभर जेवू लागली. आजींनी देवीला दुसरा कोंबडा दिला, मुलगाही धडधाकट राहिला, पण आपल्या हातून देवीचा अपराध झाला हे त्यांच्या मनातून जाईना.

एका संध्याकाळी बायको ओट्यावरून येऊन म्हणाली, "आजी अजून स्वतःलाच बोल लावतात. मी त्यांना सांगते, तुमचं काही चुकलं नाही. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते बोललो असतो तर ती उद्या त्या ओट्यावर कोणत्या तोंडाने गेली असती, म्हणून गिळलं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.