डाव्या हाताची मूठ

मल्लिनाथदाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी स्टोव्हला पिन मारत बसलो होतो. स्टोव्ह पेटेना, हाताला रॉकेलचा वास, बायको आतून ‘सोडा की ते आता’ म्हणतेय, आणि दारात कुंभारीचा एक ओळखीचा माणूस सायकल धरून उभा. या म्हटलं तरी आत येईना. ‘मास्तर, जरा भाईर या,’ एवढंच म्हणाला. मी पिन हातात घेऊनच बाहेर गेलो. ती पिन रात्री कधीतरी माझ्या खिशात सापडली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, महानंदाअक्काचे यजमान. सोलापुरातलं भुसार मालाचं दुकान बंद करून संध्याकाळी ते मोटारसायकलवरून कुंभारीला घरी निघाले होते. गावच्या अलीकडच्या फाट्यावर कडब्यानं भरलेली बैलगाडी शेतातून रस्त्यावर आली आणि दाजी तिच्यावर जाऊन आदळले. जागीच गेले. दुसऱ्या दिवशी आम्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. स्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. उजवा हात शालीखाली झाकलेला होता, कारण त्या हाताला अंगठ्याखेरीज बोटं राहिली नव्हती.

मातीला आलेल्या माणसांत फाट्यावरचा हॉटेलवाला होता. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. पोलिसांना सांगितलं तेच तो लोकांना सांगत होता, आणि खोटं बोलायचं त्याला काही कारणही नव्हतं. ‘बैलगाडी मालकास्नी लांबनं दिसली हुती. पर त्येंनी रेस कमी केली न्हाय वो, वाढवली. इंजनाचा आवाज चढला की. सरळ गेले…’ पुढचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावून घेतला. मला त्या माणसाचा संताप आला. अरे, पोलिसांना सांगितलंस ना, मग इथं खड्ड्याच्या काठावर उभं राहून कशाला सांगतोस? पण शब्द सुटला तो सुटला. बायकांच्यात गेला आणि तिथून अक्कापर्यंत गेला.

पाहुणे पांगल्यावर अक्कानं मला आत बोलावलं. तोपर्यंत ती रडली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती आणि परकराच्या नाडीसारखं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ‘चन्नू,’ ती म्हणाली, ‘खरं सांग. त्ये आपणहून गेले का रं?’ मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस. तिनं ते ऐकलंच नाही. ‘आमाला मूल न्हाय, बाळ न्हाय. मी एकटी हुते त्यांना. मी पुरले न्हाय का?’ मी उठून बाहेर आलो. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच किडा शिरला होता. कारण दाजींच्या हाताला मोटारसायकलची मूठ जेवढी कळायची तेवढी सोलापुरात फार थोड्यांना कळत असेल. असा माणूस समोर बैलगाडी बघून रेस वाढवेल कशाला?

मला मोटारसायकल त्यांनीच शिकवली. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. होटगी रस्त्याच्या माळावर गवताची काडी उरली नव्हती, जमीन परातीसारखी टणक झाली होती. गुरांना चारा नव्हता आणि चार हौशी लोकांना गाड्या पळवायला आयतं मैदान मिळालं होतं. चांगलं दिसत नव्हतं ते, पण होतं तसं होतं. दर रविवारी तिथं शर्यती लागायच्या. दाजींची लाल टाकीची, दोन सायलेन्सरची गाडी त्यांत पहिली असायची. मडगार्ड कापलेलं, हँडल खाली घेतलेलं, आणि वर बसलेले दाजी मिशीला पीळ देऊन असे बघायचे की जणू काही माळ त्यांच्या बापाचा. गर्विष्ठ होते, उगाच कशाला लपवू? मी शाळेत चित्रकला शिकवायला सायकलनं जातो, याची त्यांना लाज वाटायची. ‘मेव्हणा पायडल मारत फिरतो, माझी अब्रू जातीय हो मास्तर,’ असं चारचौघांत म्हणायचे. एका रविवारी त्यांनी मला धरूनच गाडीवर बसवलं.

पहिल्याच दिवशी मी मूठ अशी पिळली की गाडी उडाली आणि दाजी मागून खाली पडले. कपडे झटकत उठले. मला वाटलं आता आईबहीण काढतील. तर म्हणाले, ‘मास्तर, ही मूठ हाय, नळाची चावी न्हाय.’ मग त्यांनी आपली रीत सांगितली. ते मागे बसणार, दोन्ही हातांची घडी घालून. मला धरणार नाहीत, सीटला धरणार नाहीत. गाडी निघताना त्यांची पाठ मागे गेली किंवा थांबताना छाती माझ्यावर आदळली, तर चूक माझी. शिव्या द्यायचे नाहीत. कानाशी नुसतं ‘निधान… निधान’ चालू. कानडीत सावकाशला निधान म्हणतात, आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात. ते म्हणायचे, वेग सगळ्यांनाच देता येतो, सोडता येत नाही. माणूस घाबरला की एकदम सोडतो, गाडीला हिसका बसतो आणि मागचं चाक सरकतं. मूठ आपल्याकडे ओढताना जितका विचार करायचा, त्याच्या दुप्पट ती पुढे सोडताना करायचा. मला ते यायला पावसाळा उजाडला. ज्या दिवशी दाजी मागे बसून पान लावत गावापर्यंत आले, चुना सांडला नाही, त्या दिवशी त्यांनी मला पास केलं. ‘आता बायकोला बसवा,’ म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांचा हात गेला. घरच्या कडबाकुट्टीत पेंढी सरकवताना उजव्या हाताची बोटं पात्याखाली गेली. त्या दिवसापासून हा माणूस विझलाच. दुकानात जाणं सोडलं. लग्नाच्या पंगतीला जाणं सोडलं, कारण पंगतीत डाव्या हातानं जेवायचं कसं? पाहुण्यांसमोर अक्कानं भरवायचं कसं? सकाळच्या पूजेला डाव्या तळहातावर लिंग ठेवायचे, आमच्यात ते डाव्याच हातावर ठेवतात, पण विभूती लावायला आणि बेल वाहायला हात नव्हता. ते अक्का करायची. एकदा तसंच लिंगाकडे बघत तिला म्हणाले, ‘नंदा, असल्या जगण्यात काय हाय?’ हे वाक्य तिनं मला त्या वेळी सांगितलं होतं. आता तेच वाक्य तिला रात्रंदिवस खातंय.

गाडीची कल्पना त्यांचीच. शनिवार पेठेतल्या त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे मला घेऊन गेले आणि म्हणाले, उजवी मूठ काढ, डावीकडं बसव. पुढचा ब्रेक काढून टाक, मागचा पायाचा पुरतो. मिस्त्रीनं मुठीची नळी काढून डावीकडे घालून बघितली. ‘उल्टी चलेगी, दाजी,’ तो म्हणाला. खरंच होतं ते. उजवीकडे मूठ आपल्याकडे ओढली की वेग वाढतो आणि पुढे फिरवली की कमी होतो. तीच डावीकडे गेली की सगळं उलट. पुढे फिरवली की वेग वाढणार, आपल्याकडे ओढली की कमी होणार. सरळ चालणारी मूठ मुंबईहून मागवू, आठ-पंधरा दिवस थांबा, असं मिस्त्री म्हणत होता. दाजींना थांबायचं नव्हतं. त्यांनी आपला डावा पंजा आम्हा दोघांसमोर उघडा धरला. ‘ह्या हातावर लिंग ठिवून मी लहानपणापास्नं रोज बसतोय. माशी बसली तरी हलत न्हाय ह्यो. ह्यो काय शिकणार न्हाय?’ मिस्त्री हसला. ‘शिकेगा की,’ म्हणाला. मलाही तसंच वाटलं. त्या हाताची स्थिरता आम्ही सगळ्यांनीच बघितलेली.

मग होटगीच्या त्याच माळावर मी मागे हातांची घडी घालून बसलो आणि दाजी नवशिक्यासारखे पुढे. काय सांगू, त्या माणसाला तसं बघवत नव्हतं. गाडी निघताना हिसका, थांबताना हिसका. एकदा मला पाडलं, एकदा दोघंही पडलो. ‘मास्तर, नळाची चावी झाली बघा,’ म्हणत स्वतःच हसले, आणि हात गेल्यापासून ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. हळूहळू हात वळला. तोंडानं स्वतःलाच निधान, निधान म्हणत पुढे ढकलायचे आणि म्हणतच मागे ओढायचे. महिन्या-दोन महिन्यांत गाडी अशी चालायला लागली की मागे बसून झोप यावी. दाजी पुन्हा दुकानात जाऊ लागले. गड्ड्याच्या जत्रेला अक्काला मागे बसवून आले, माझ्या दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवला. अक्का नवं इरकल नेसली होती आणि लाजत होती. मला वाटलं, सुटलो बुवा. माळावर आडवं येणारं काहीच नव्हतं, ना गुरं ना गाडी, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीचा निरोप आला की गाडी सरळ करून ठेवलीय, घेऊन जा. पुढच्या चाकाचा वाकलेला काटा बदलला होता, टाकीला पोचा तसाच होता. ‘मूठ सीधे हाथ को लगा दूँ क्या?’ त्यानं विचारलं. म्हटलं राहू दे, अक्काला विचारतो, गाडी तिची आहे. आणि तशीच घेऊन निघालो. शहरातून बाहेर पडेपर्यंत जीव मुठीत होता. मग सवय झाली. पुढे ढकल, मागे ओढ, अवघड काही नाही. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर तर मी दुसऱ्याच विचारात होतो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. डावीकडच्या बाभळीतून एक म्हैस अचानक रस्त्यावर आली.

मी गाडी थांबवली. म्हणजे मला तसं वाटलं. माझ्या डाव्या हातानं मूठ पुढे फिरवली, इतकी वर्षं उजव्यानं फिरवत आलो तशी, मला न विचारता. इंजिन ओरडलं आणि गाडीनं झेप घेतली. मी घाबरलो आणि आणखी घट्ट पुढे फिरवली… म्हशीच्या शेपटीजवळून निसटून मी रस्त्याकडेच्या चारीत जाऊन पडलो. कोपर सोललं, बाकी काही नाही. गाडी आडवी पडून घुं घुं करत होती. एक मेंढपाळ धावत आला. मला उठवत म्हणाला, ‘रेस कशापायी वाढवली वो, म्हस दिसली न्हवं तुमास्नी?’

मला रडायलाच यायला लागलं. तो बिचारा लागलंय का, लागलंय का करत राहिला.

गाडी ढकलत कुंभारीला गेलो. अक्का अंगणात धान्य निवडत होती. माझं कोपर बघून उठली. मी म्हटलं ते राहू दे, इकडं ये. गाडी स्टँडवर लावली आणि सुरुवातीपासून सांगितलं. म्हैस आली ते, माझा हात काय करून बसला ते, मेंढपाळ काय म्हणाला ते. तिला यंत्रातलं काही कळत नाही. सगळं ऐकून म्हणाली, ‘दाखीव मला.’ मी तिचा डावा हात मुठीवर ठेवला. उजव्या हातानं ते असं बंद करायचे, पुढे. जन्मभर असंच. आणि ह्या मुठीला पुढे फिरवलं की… तिनं फिरवून बघितली. पुढे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बराच वेळ तेच करत राहिली.

‘म्हंजी त्ये थांबवत हुते,’ ती म्हणाली.

‘हो अक्का.’

‘आवाज वाढला, तवा बी?’

‘तेव्हाच. जेवढं जोरानं थांबवायला गेले तेवढा आवाज वाढला.’

ती खाली बसली, गाडीच्या चाकाशीच, आणि मोठ्यानं रडली. शेजारच्या बायका धावत आल्या, काय झालं म्हणून मलाच विचारू लागल्या. ती रडता रडता त्यांना सांगत होती, ‘घरलाच येत हुते गं. घरलाच येत हुते.’

गाडी अजून तिच्या अंगणात आहे. मूठ उजवीकडे बसवून देतो म्हटलं तर नको म्हणाली. ती मूठ सैल आहे, वाऱ्यानं नाही पण पोराटोरांच्या, कोंबड्यांच्या धक्क्यानं थोडी पुढे सरकते. परवा मी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. अक्का घागर घेऊन आत चालली होती. गाडीजवळ थांबली, डावा हात मोकळा केला आणि मूठ सावकाश आपल्याकडे ओढून घेतली.