उभ्याने बोलणाऱ्या मावशी

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशींचा जन्म साहेबांची बोलणी खाण्यात गेला. तिथल्या बायकांनी मन मोकळं करायची एक रीत पाडली होती: दोघींनी बसायचं, आधी एकीने बोलायचं, मग दुसरीने, ऐकणारीने सल्ला द्यायचा नाही.

ऐकण्यात मावशी पटाईत. बोलायची पाळी आली, की मात्र ताडकन उठून हात मागे बांधत आणि उभ्यानेच बोलत.

"बसा की! इथे कोण साहेब आहे?" जोडीदारीण शिवणवाली म्हणायची. बसल्या, की मावशींच्या तोंडाला कुलूप.

एकदा मावशी अशा उठल्या, तशी शिवणवालीही उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. मावशी बोलू लागल्या. बोलता बोलता खुर्चीत कधी टेकल्या, त्यांनाही कळलं नाही. वर पाहतात तर शिवणवाली अजून उभीच.

"बस की गं बाई," त्या डाफरल्या, "मी काय तुझी साहेब आहे?"