नेटाची पट्टी

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात मर्डो कार्गिलला सगळे ट्रम्पेटवाला म्हणूनच ओळखत. सॅक्सोफोनने कुठे शिरायचं, पियानोने कुठे गप्प बसायचं, हे सगळं कागदावर मांडणाराही तोच. पण नाचायला आलेल्यांना त्याचं काय?

आई ज्यूटच्या गिरणीत आणि बाप घरी पोरं सांभाळायला, निम्म्या गल्लीची तीच तऱ्हा. चर्चच्या बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड आलं, कारण दुसरं वाद्य उरलं नव्हतं. सैन्यात जॅझ कानावर पडलं आणि पोरगं बिघडलं, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. लंडनलाही जाऊन आला. तिथे त्याच्यासारखे पैशाला पासरी होते. मग मुकाट्याने परत येऊन त्याने नाचघरात बँड उभा केला आणि गायला नेटा इमरीला घेतलं. नेटा गिरणीतली. यंत्रांच्या गोंगाटात बाकीच्या बायका खुणांनी बोलत, ही बया ओरडून बोले. तिचा आवाज असा चढायचा की नाचणारे पाय विसरत.

पन्नाशी जवळ आली तसा मर्डोचा ओठ दगा देऊ लागला. ट्रम्पेट फुंकताना वरचा सूर आधी थरथरला, मग फाटला. त्याने गाण्यांची पट्टी अर्ध्या सुराने उतरवली आणि सगळ्यांचे कागद नव्याने लिहिले. कुणीतरी विचारलं, का रे? तर तो बोलून गेला, "नेटासाठी. वय होतंय तिचं." खोटं बोलणं इतकं सोपं जाईल, असं त्यालाही वाटलं नव्हतं.

ते बोलणं नेटाच्या कानावर गेलंच, आणि पट्टी अशी उतरतच गेली. "एवढ्या खाली? पुढच्या खेपेला दाढी करूनच येते," नेटा म्हणायची. पण खालच्या पट्टीत तिचा आवाज घुसमटे. टाळ्याही आटत गेल्या.

एका दुपारी तालीम आटोपल्यावर ती त्याच्याशेजारी ब्रायडी, तिकडची खिम्याची करंजी, खात बसली.

"मर्डो, हा हिवाळा झाला की मी थांबते."

"का गं?"

"का काय? आवाज गेलाय माझा. तू झाकून नेलंस म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी कधीच हाकललं असतं. उपकार आहेत बाबा तुझे."

मर्डोने तिच्यापुढे कप सरकवला. "चहा घे," एवढंच तो म्हणाला.

तो थकला होता. ओठाला कंटाळला होता, कागदांना कंटाळला होता, आणि स्वतःच्या लबाडीला तर सगळ्यात जास्त. सांगून टाकायला जीभ उचलेना. लिहिणं तेवढं त्याला धड जमत होतं. म्हणून त्याने नेटाचं जुनं गाणं मूळ पट्टीत परत मांडलं, ट्रम्पेटचं काम सॅक्सोफोनला दिलं आणि आपला कागद कोरा ठेवला.

पुढच्या तालमीला पियानोवाल्या लॉर्नने कागद बघितला आणि ओरडला, "अरे, ही जुनी पट्टी! बाई मरेल!"

नेटाचा चेहरा उतरला. "सगळ्यांसमोर शोभा करायचीय का माझी?"

"गा तू," मर्डो म्हणाला. "फसलं तर चूक माझी."

ती दबकतच गायला लागली. दुसऱ्या ओळीला गळा मोकळा झाला. वरचा सूर आला तेव्हा तिने अंग चोरलं, पण सूर सहज लागला आणि रिकाम्या नाचघरात पार दारापर्यंत गेला.

गाणं संपल्यावर तिने मागे पाहिलं. मर्डोचं ट्रम्पेट मांडीवर आडवं होतं. ती त्याच्यापाशी आली, तो कोरा कागद उचलून तिने उलटसुलट पाहिला.

"कुणासाठी उतरवत होतास रे पट्टी?"

लॉर्न उगीच पियानोचं झाकण पुसू लागला.

"माझ्यासाठी," मर्डो म्हणाला. "ओठ गेला माझा, नेटा. केव्हाच."

"आणि मी घरी मध चाटत बसले. वाफा घेत बसले. नवरा म्हणायचा, म्हातारी झालीस, मान्य कर. केलं मी मान्य!"

तिने थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती सरळ मायक्रोफोनकडे गेली.

"लॉर्न, पुन्हा घे. अर्धा सूर आणखी वर."

"वर? तसे कागद कुठायत?"

"लिहील की तो," मर्डोकडे न बघता नेटा म्हणाली. "आता दुसरं काय काम आहे त्याला?"

ते खरंच होतं. मर्डोने ट्रम्पेट पेटीत ठेवलं आणि पेन्सिल काढली.