पांढऱ्या कोटावरचे गंजाचे ठिपके

माझा उजवा डोळा आज शाबूत आहे तो आमच्या दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्या मावशीमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगता सांगता मी थकतो, आणि मग ज्याचे उपकार सांगायचे तोच माणूस राहून जातो.

मी सांगलीकडचा. नववीत शाळा सुटली. वेल्डिंग शिकलो आणि शेड उभारणाऱ्या एका टोळीबरोबर नागपूरला आलो. शेड उभी राहिली, टोळी परत गेली, मी मागं राहिलो, कारण गावाकडं काम नव्हतं आणि इथं होतं. इतवारीच्या मागच्या अंगाला एका गल्लीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथं लागलो. एरवी ग्रिल आणि गेटं, पण होळीच्या आधीपासून नुसते कूलरचे स्टँड. इथल्या उन्हात खिडकीबाहेर कूलर नाही असं घर सापडायचं नाही, आणि प्रत्येक कूलरखाली लोखंडी अँगल कापून, जोडून, घासून केलेला स्टँड. कापणं आणि घासणं दोन्ही ग्रायंडरवर. त्या दिवसांत सकाळी कानात बसलेला आवाज जेवतानाही उतरायचा नाही. भाकरी चावताना दातांतही तोच.

आमच्या ग्रायंडरला गार्ड नव्हता. म्हणजे होता, पण नटबोल्टच्या बादलीत. चकतीवरची ती अर्धगोल टोपी कोपऱ्यात काम करताना आडवी येते, म्हणून मी यायच्या आधीच कुणीतरी काढून टाकली होती. सगळ्या गल्लीत तसंच. डोळ्यांवर फुटपाथवरचे काळे गॉगल. समोरून काळे, बाजूनं उघडे.

मावशीचा ठेला आमच्या दाराला लागूनच. कोळशाची इस्त्री, वर ताडपत्री, आणि आमच्या बाजूला उभा केलेला एक पत्रा. तो पत्रा तिनं आमच्या ठिणग्या अडवायलाच लावला होता. तरी त्या वरून तिच्या कपड्यांवर जायच्या आणि दर दोन दिवसांनी भांडण व्हायचं.

"काहून गा, तिकडे तोंड करून कापता येत नाही का तुले?"

"मावशी, तिकडं रस्ता आहे. माणसं जातात."

"अन मी कोन हावो? म्हैस?"

आमचे मिस्त्री आतून हसायचे. मी ग्रायंडर फिरवून बसायचो. खरं सांगायचं तर ती मला आवडत नव्हती. परक्या गावात रोज सकाळी कुणीतरी आपल्याला ओरडतं याचा फार शीण येतो.

आता मिस्त्रींबद्दल. दुकानात सगळ्यात जुने तेच, आणि डोळ्यातला कण काढण्यात त्यांचा हात गल्लीत नावाजलेला. दारासमोरच्या बाकड्यावर माणसाला उताणं झोपवायचं, पापणी उलटवायची, फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक डोळ्याजवळ फिरवायचा. नाहीच आला कण, तर सिगारेटच्या पाकिटाचा कागद दुमडून त्याच्या टोकानं टिपायचा. पलीकडच्या दुकानांतली माणसं यायची, रस्त्यावरून जाणारे स्कूटरवालेही यायचे. बदल्यात ते काही घ्यायचे नाहीत, फक्त एखादा खर्रा, म्हणजे इथली सुपारी-तंबाखू. तो तिथंच तळहातावर घोटायचे, तोंडात टाकायचे, आणि त्याच बोटांनी पुढच्याची पापणी उघडायचे. माझ्याही डोळ्यातले कण त्यांनी काढले होते. दवाखान्यात जायचं कुणाच्या मनातच येत नसे. कण म्हणजे मिस्त्री, एवढं साधं होतं ते.

त्या दिवशी वेल्ड घासताना गॉगलच्या बाजूनं काहीतरी आत आलं. चटका बसला, मग टोचायला लागलं. मिस्त्रींनी बाकड्यावर घेतलं, कागदानं टिपलं, म्हणाले, "निंगालं." मी उठून कामाला लागलो. पण टोचणं गेलं नाही. रात्रभर डोळा गळत राहिला आणि सकाळी उघडेना. मी पुन्हा बाकड्यावर जाऊन पडलो.

मिस्त्री वाकले. खर्ऱ्याचा वास आला. "आत रुतून बसलं आहे बे. आज सुई लागते. हलू नको. हलला तर मी जबाबदार नाही."

मला भीती वाटत होती, पण सुईपेक्षा दुसरीच. डोळा गेला तर हे काम गेलं. हे काम गेलं तर माझ्याकडं दुसरं काही नाही. नववीच्या गुणपत्रिकेवर कोण ठेवतो? आणि आईला काय सांगू? मी डोळा ताणून धरला आणि पडून राहिलो.

तेवढ्यात मावशी आली. भांडायला आली असं वाटलं. तिच्या हातात डॉक्टरांचा पांढरा कोट होता. धंतोलीतल्या एका दवाखान्याचे कोट तिच्याकडं इस्त्रीला येतात. कोटाच्या बाहीवर बारीक बारीक तांबडे ठिपके.

"हे पाय," ती मला म्हणाली, "काल कोट पांढरा होता. पानी शिंपडून घडी ठेवली, तुही ठिणगी वर बसून राहिली, रातभरात गंज धरला. आता मी लिंबू लावो का मीठ लावो, हा डाग निंगत नाही."

"मावशी, नंतर बोल ना," मिस्त्री म्हणाले. "पोट्ट्याच्या डोयात कण आहे."

"तेच सांगून राहिली मी. कोट तर घडीभर ओला होता. डोया तर सदाच ओला असते. ह्याच्यात कालपासून लोखंड आहे. अन तू खर्ऱ्याच्या हातानं सुई टोचून राहिला? ठेव खाली."

"आजवर किती लोकायचे काढले मी."

"काढले असशीन. नाही कोन म्हन्ते? पन ह्याचा डोया त्याच्या मायनं देला आहे, तुह्या मायनं नाही."

मिस्त्रींनी सुई कॉलरला खोचली. मलाच कळेना मी कुणाचं ऐकावं. मावशीनं विचारलंही नाही. इस्त्रीतले निखारे घमेल्यात ओतले, राख टाकली, कपड्यांवर चादर ओढली आणि कोटांचं गाठोडं काखेत घेऊन ऑटो थांबवला. वाटेत मी डोळ्यावर रुमाल धरून बसलो होतो आणि ती म्हणत होती, "कोटाले टेकू नको. काये हात आहेत तुहे."

धंतोलीत दवाखाने एकाला एक लागून आहेत. लांबलांबून आलेली माणसं पायऱ्यांवर डबे उघडून बसलेली असतात. मी एकटा गेलो असतो तर बोर्ड वाचूनच परत फिरलो असतो. तिनं आधी कोट पोचते केले आणि तिथल्याच सिस्टरला विचारून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. कण निघाला तो त्यांनी कापसावर दाखवला. खसखशीपेक्षा लहान. म्हणाले, लोखंड निघालं, पण त्याच्या कडेनं गंजाचं कडं धरलंय, ते नंतर पुन्हा येऊन खरवडून घ्यावं लागेल. कण बाहुलीच्या अगदी शेजारी होता. घरी कुणी टोकरलं नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी कागदाचं सांगितलं. सुईचं मावशीनं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. त्यांनी असं पुष्कळ ऐकलेलं असावं.

डॉक्टरांनी डोळ्यावर बांधलेली पट्टी होती ते दिवस मी फार वाईट काढले. खोलीत पडून पट्टीखाली उजेड दिसतो का ते बघत राहायचो. आईचा व्हिडिओ कॉल आला की फोन डाव्या बाजूला धरायचो.

"अरं सरळ बघ की माझ्याकडं. मान लचकली का काय?"

"उकाडा आहे आई. पंख्याकडं तोंड केलंय."

जेवण मावशी पाठवायची. ती स्वतः यायची नाही. डब्यात वरण, भात, कधी झुणका, आणि दुसऱ्या दिवशी डबा घासून पाठवला नाही म्हणून निरोप.

गंज खरवडून झाला. डोळा वाचला. रात्री गाड्यांचे दिवे थोडे पसरलेले दिसतात, तेवढंच राहिलं.

कामावर परतलो त्या दिवशी आधी बादलीतून गार्ड शोधला. गंजला होता, घासून बसवला. बाजूनं बंद असलेला चष्मा घेतला आणि त्याच्यावर तोंड झाकणारं शील्ड. शील्डच्या काचेवर ठिणग्या चिकटून खडबडीत डाग पडतात. ते बघितलं की शील्ड आणखी खाली ओढतो. चकती लावताना तिच्या मधल्या कड्यावरची मुदतीची तारीख बघतो, तडा आहे का बघतो. मशीन चालू केली की थोडा वेळ तोंडापासून लांब रिकामी फिरू देतो. चकती फुटायची असेल तर तेव्हाच फुटू दे. कापायच्या पातळ चकतीनं घासत नाही. उन्हासाठी बांधलेल्या दुपट्ट्याची टोकं शर्टात खोचतो. दोन्ही हात मशीनवर, आणि मी चकतीच्या रेषेत उभा नाही. एवढं सगळं करून काम हळू होतं. संध्याकाळी इतरांचे स्टँड माझ्यापेक्षा जास्त असतात.

"आता झोपताना पन टोप घालतं का बे?" मिस्त्री विचारतात.

ते वाईट माणूस नाहीत. बाकडं तिथंच आहे, लोक येतात, ते चुंबक फिरवतात. फक्त टोचणं थांबलं नाही की आता ठेल्याकडं बोट करतात. "जा, मावशीले कोटवाला दवाखाना विचार." ती शिव्या देते आणि धंतोलीचा पत्ता सांगते. सुई अजून त्यांच्या कॉलरला आहे. ती बघितली की मला बसवत नाही.

मावशीला मी एकदा म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू. ती म्हणाली, "तोंड तिकडे करून काप." तसंच कापतो, रस्त्याच्या बाजूला एक पत्रा उभा करून. पण तेवढ्यानं फिटत नाही. तिचा ठेला आता हलायला लागलाय, एक चाक वाकडं, आणि अतिक्रमणवाले आले की तिला तो ढकलत नेणं होत नाही. मी तिला लोखंडी ठेला करून देणार आहे. हलकी चाकं, वर पक्कं छत, आमच्या बाजूला उंच पत्रा. सुट्टीच्या दिवशी, गार्ड लावून, सावकाश करीन. आणि त्याची एकेक कड अशी घासीन की पांढरा कोट ओढला तरी एक धागा अडकणार नाही.