आबांचा तांब्या

बारामतीच्या आमच्या घराचं पुढचं दार पक्षकारांचं. आबा मात्र मागच्या दारानं यायचे. आबा म्हणजे तालुक्याचे पुढारी, आणि माझे यजमान त्यांचे वकील. निवडणुकीचा अर्ज असो की दूध संघाचा दावा, कागद आमच्याच घरी तयार व्हायचा. आबा चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायचे, पाटावर बसायचे, "वैनी, भाकरी टाका" म्हणायचे आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायचे.

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी, तात्यांनी, तरुणपणी दीक्षा घेतली. त्याआधी वरून ओंजळीत ओतलेलं पाणी त्यांनी प्यायलेलं होतं. म्हणून आबा पाणी पिताना तात्या टक लावून बघायचे, आणि गावी पळसदेवला गेले की पारावर सगळ्यांना सांगायचे, आमच्यात आबा जेवतात. मला चीड यायची. "जेवतात म्हणजे उपकार करतात का, तात्या? भाकरी मी थापते," मी म्हणायचे. तात्या नुसते हसायचे.

नव्वदनंतर यांचं बस्तान चांगलं बसलं. आबांनी यांना आपल्या शिक्षण संस्थेचे सचिव केलं, मग दूध संघाचे सल्लागार. पुढं पुण्याच्या शिक्षण मंडळावर नेमणूक होणार, असं बोलणं चाललं होतं. पण यांचा जीव संस्थेच्या पळसदेवच्या शाळेत. ती यांच्याच खटपटीनं उभी राहिलेली. मागं हमरस्त्याला लागून मैदान होतं, तिथं गावच्या पोरी कबड्डी खेळायच्या.

त्या मैदानावर आबांच्या जावयाला कोल्ड स्टोरेज काढायचं होतं, आणि त्याला सचिवाची सही लागत होती. यांनी भर बैठकीत नाही म्हटलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा यांचा चेहरा उजळलेला. मला अभिमान वाटला आणि धास्तीही.

पुढच्या आठवड्यात आबा पुढच्या दारानं आले. पक्षकारांच्या खुर्चीत बसले. यांना "वकीलसाहेब" म्हणाले. पावसापाण्याचं बोलले, मैदानाचं अवाक्षर नाही. मी पाणी नेलं.

"नको वैनी, आत्ताच घेतलंय."

भरला तांब्या मी तसाच आत आणला. तात्या आतच बसले होते.

"पाणी घेतलं न्हाय व्हय त्यांनी?"

"राजकारण हाय, तात्या. ते जुनं न्हाय."

"हितं दोनी सारखीच लागत्यात," छातीवर हात ठेवून ते म्हणाले.

मग पक्षकार कमी झाले. दूध संघाचं बोलावणं थांबलं. इंदापूरच्या कोर्टात यांच्या गळ्यात हात टाकणारे आता लांबूनच नमस्कार करायचे. कुणी धमकी दिली असती तर मी तोंड सोडलं असतं, मला काय कुणाची भीडभाड नाही. पण कुणी वाकडं बोलेचना. सगळे कसे अदबीनं वागत होते, आणि त्या अदबीनं माझी झोप उडवली. जेवताना मागं काही खुट्ट झालं की यांचा घास हातातच राहायचा. दाराकडं बघायचे, मग खाली मान घालून जेवायचे.

एका दुपारी मागच्या दाराशी चपला वाजल्या.

"आरं वकिला, हायस का?"

आबा येऊन पाटावर बसले. "वैनी, भाकरी टाका." हे त्यांच्या शेजारी बसले. मी यांच्याकडं बघितलं, तर यांनी नजर ताटात घातली. सही झाली, मैदान गेलं, हे मला तिथंच कळलं.

आबांनी तांब्या उचलला, पोटभर पाणी प्यायले, मिशा पुसल्या. समोर तात्या जेवत होते. "तात्या, तुमचा पोरगा बोर्डावर गेलाच समजा."

"आन् पोरींनी खेळायचं कुठं?" मी विचारलं.

"उजनी धरणाचं पाणी उतरलं की मोप जागा हाय की," म्हणून आबा हसले. हेही हसले. यांचं ते हसणं मी आजतागायत माफ केलेलं नाही.

तात्यांनी मोडलेला घास ताटात ठेवला. आबांनी तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. "जेवा की तात्या, पाणी घ्या."

"नको," तात्या म्हणाले. "आत्ताच घेतलंय."

ते खरकट्या हातानंच उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.