चष्मा आत, माणूस बाहेर

आमच्या दुकानात चष्म्याचा स्क्रू आवळायला पैसे घेत नसत. चष्मा कुठूनही घेतलेला असो, दांडी वाकलेली असो, नाकावरून घसरत असो, माणसानं आत यायचं, बाकावर टेकायचं आणि चष्मा काढून माझ्या हातात द्यायचा. मी तो पुसायचे, दांड्या गरम करून सरळ करायचे, स्क्रू पिळायचे आणि परत द्यायचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर मालकांच्या वडिलांनी औरंगपुऱ्यात दुकान टाकलं, तेव्हापासूनचा हा रिवाज. बाकी चष्मेवालेही हे करतात म्हणा, पण आमच्याकडं त्याचा जरा तोराच होता. मी गारखेड्याहून सिटी बसनं यायचे, तर शटर उघडायच्या आधीच कुणीतरी म्हातारं पायरीवर चष्मा घेऊन बसलेलं असायचं.

ती पण तशीच पायरीवर बसलेली होती. अंगावर कुठलंसं पुरुषी स्वेटर, पायात दोन वेगळ्या चपला, शेजारी गाठोडं. गाठोड्यावरूनच कळलं की हिला घर नाही. तिनं चष्मा काढून पुढं धरला. दांडीला चिंधी गुंडाळलेली आणि काचा अशा जाड, की आमच्या लहानपणी सोडावॉटरच्या बाटलीचं बूड म्हणायचे तशा. मोतीबिंदूच्या कॅम्पात मिळालेला चष्मा होता. आता डोळ्यातच भिंग बसवतात, तेव्हा तसं नव्हतं. मोतीबिंदू काढून टाकायचे आणि वर हा जाड चष्मा द्यायचे. तो काढला की समोर नुसता धूर. आपलाच हात आपल्याला ओळखू यायचा नाही.

मी तिला आत घेतलं, बाकावर बसवलं, दांडी नीट केली. मग ती आठ-पंधरा दिवसांनी यायलाच लागली. "बाई, लई धुरकट झालाय," म्हणायची. ती बस स्टँडवर राहायची, तिथं धुरळा काय कमी होता? मी तिला मावशी म्हणायचे. बाकावर बसल्या बसल्या तिनं जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यानं. वैजापूरकडच्या एका खेड्यातली. मुलानं कॅम्पाला आणलं, ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी असताना तो चहा आणतो म्हणून गेला. पट्टी सुटली तेव्हा खाटेजवळ कुणी नव्हतं. मेल्याला आईच्या डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत सुद्धा दम निघाला नाही.

मी एकदा म्हटलं, तिकिटाचं मी बघते, तुम्ही गावी जा. तर उसळलीच. सून दारात उभं करणार नाही म्हणाली. त्यानं नेऊन सोडलं, तर त्यानंच न्यायला यावं, मग जाईन. म्हणून ती स्टँडवर वैजापूरच्या गाड्या लागतात तिथंच बसायची. प्रत्येक गाडीतून उतरणारं तोंड न् तोंड बघायची. स्टँडवरच्या टवाळ पोरांना हे ठाऊक झालं होतं. जाता-येता पोरं तिच्यासमोर उभी राहायची, आवाज बारीक करून म्हणायची, "माय, चल घरी." ती पदरानं चष्मा पुसायची, नीट डोळ्यावर बसवायची, वर मान करून त्या पोराचं तोंड बघायची, आणि मग अशा ठेवणीतल्या शिव्या घालायची, की पोरं पळत सुटायची. मला हे सांगताना ती स्वतःच हसायची. पण चष्मा पुसून दे म्हणताना हसायची नाही. आपला पोरगा कोण आणि टवाळ कोण, हे तिला त्या काचांतूनच कळत होतं.

मग आमच्या दुकानाला शोरूम व्हायचं सुचलं. वाळूजच्या कंपन्यांतले साहेबलोक यायला लागले होते. मालकांनी बाक काढून सोफा ठेवला, गुळगुळीत पांढरी फरशी घातली, एसी बसवला आणि समोर छतापासून जमिनीपर्यंत काचेचं दार. दार लागलं की रस्त्यावरचा एक आवाज आत येत नव्हता. पहिल्यांदा मावशी त्या दारातून आत आली, तेव्हा सोफ्यावरच्या एका गिऱ्हाईक बाईंनी नाकाला रुमाल लावला. वास यायचा तिला, खोटं कशाला बोलू? रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला काय अत्तराचा वास येणार?

मालक माणूस वाईट नव्हते, हेच तर दुखणं आहे. वाईट असते तर दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. त्यांनी मला बाजूला बोलावून अगदी सौम्यपणे समजावलं. वडिलांचा रिवाज आपण मोडायचा नाही, आजींचं काम फुकटच करायचं, फक्त चष्मा आत घ्यायचा आणि आजींना बाहेर थांबवायचं, नाहीतर गिऱ्हाईक तुटतं. मी म्हटलं, अहो, ती चष्मा काढून बाहेर उभी राहिली तर तिला रस्ता तरी दिसेल का? तर म्हणाले, पाचच मिनिटांचा तर प्रश्न आहे, ताई. मी वाद घातला, आत एका कोपऱ्यात स्टूल ठेवू म्हटलं, बाहेर तरी ठेवू म्हटलं. बाहेरच्या स्टुलावर उद्या सगळं स्टँड येऊन बसेल, म्हणाले.

परवा माझा भाचा विचारत होता. त्याचं हॉटेल आहे, तिथं असाच एक रस्त्यावरचा माणूस रोज येऊन पंख्याखाली बसतो, तर काय करावं? मी म्हटलं, बसू दे रे बाबा, पाणी दे. तो म्हणाला, गिऱ्हाईक तुटतं. तेच ते! इतक्या वर्षांत एक शब्द बदललेला नाही.

तर त्या दिवशी मावशी आली, दाराबाहेर थांबली, सवयीप्रमाणं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि भिंतीला धरून उभी राहिली. मी चष्मा आत आणून काउंटरवर ठेवला आणि पुसायचं फडकं आणायला मागं गेले. मालक एका जोडप्याला फ्रेमा दाखवत होते. ट्रेवर ट्रे काढत होते. एक ट्रे सरकवला आणि मावशीचा चष्मा खाली गेला. त्या नव्या फरशीवर. दोन्ही काचा फुटल्या.

आवाजानं मी धावत पुढं आले, वर पाहिलं तर दाराच्या पलीकडं ती उभी. तिला काही दिसलेलं नव्हतं, काही ऐकूही आलेलं नव्हतं. चष्मा आता येईल म्हणून तिनं हात पुढं धरला होता आणि तोंडावर हसू. बाहेर जाऊन मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, दांडी मोडली का? म्हटलं, काचा गेल्या, मावशी. तिनं फ्रेम हातात घेतली आणि काचेच्या जागेतून बोट घालून पाहिलं. मालकांनी दार अर्धं उघडून आतूनच सांगितलं की आजी, काळजी करू नका, नवा करून देऊ, एक पैसा घेणार नाही. मी तिचा दंड धरून तिला स्टँडवर नेऊन बसवलं. वाटेत ती प्रत्येक उंचवटा पायानं चाचपत होती.

तेवढ्या जाड नंबरच्या काचा दुकानात नव्हत्या, मुंबईहून मागवाव्या लागायच्या. दुकानाची ऑर्डर जायची तेव्हा मी मालकांना आठवण करायचे. दर वेळी ते म्हणायचे, आधी पैसे भरलेल्यांच्या जाऊ देत, आजींच्या पुढच्या खेपेला. मी म्हटलं, माझ्या पगारातून कापा, पण आज पाठवा. तर त्यांना रागच आला. धर्माचं काम आहे, तुमचा पगार कशाला कापू, म्हणाले. पुण्य त्यांना स्वतःच्याच नावावर हवं होतं, फक्त घाई नको होती. नंबर तपासायच्या पेटीत त्या नंबरच्या काचा होत्या, त्या तरी उसन्या द्या म्हटलं. पेटीतला संच मोडायचा नाही, म्हणाले. शेजारच्या गल्लीतल्या दुकानात विचारलं, त्यांच्याकडंही नव्हत्या. मी हरले. रोज जाता-येता डोकं आपटत होते आणि हरत होते.

स्टँडवर गेले की ती माझ्या पावलांवरून ओळखायची आणि एकच विचारायची, झाला का? तोंड अजूनही गाड्यांकडंच. पण पोरांना आता रान मोकळं मिळालं होतं. ती बघू शकत नाही म्हटल्यावर पोरं जास्तच जवळ येऊन "माय, चल घरी" म्हणायची, पदर ओढायची. तिनं हाताशी दगड ठेवायला सुरुवात केली. तिच्या बाजूला शेंगा विकणारी एक बाई बसायची, ती पोरांना हुसकायची. पण ती तरी धंदा सोडून किती वेळ बघणार?

शेवटी काचा आल्या. मीच त्या बसवल्या, चांगली मजबूत फ्रेम घेतली, आणि दुपारच्या सुट्टीत तशीच स्टँडवर गेले. मावशी पहिल्यांदाच गाड्यांकडं पाठ करून बसलेली होती. मी शेंगावालीकडं पाहिलं. तिनं मला खुणेनं बाजूला बोलावलं आणि सांगितलं.

आदल्या दिवशी वैजापूरच्या गाडीतून एक माणूस उतरला होता. बराच वेळ खांबाजवळ उभा राहून मावशीकडं बघत होता. मग पुढं आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, माय, चल घरी. मावशीनं दगड उचलून मारला. कपाळाला लागला त्याच्या. वर शिव्यांची लाखोली. लोक हसायला लागले. तो माणूस कपाळ दाबून तसाच बसून राहिला, मग उठला आणि परतीच्या गाडीत जाऊन बसला. रडत होता, असं शेंगावाली म्हणाली. गाडी सुटल्यावर तिनं मावशीला सांगितलं की हे पोरगं नव्हतं, मोठा बाप्या होता.

मी मावशीजवळ बसले. विचारू नये ते विचारलं, आवाज त्याचा होता का?

"व्हता बी अन् नव्हता बी," ती म्हणाली. "पोरं बी तसंच म्हणत्यात. एकडावच म्हणला, बाई. अजून एकडाव म्हणला असता तर."

मला त्याचाही इतका संताप आला! आईला टाकून गेलास, परत आलास, दगड खाल्लास, मग अजून एकदा हाक मारायला काय तुझी जीभ झडत होती? पण संताप करून काय होणार होतं? मी चष्मा तिच्या डोळ्यावर चढवला, दांड्या कानामागं नीट बसवल्या. तिनं मान वळवून गाड्यांकडं पाहिलं, शेंगावालीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी चष्मा काढला, दांड्या मिटल्या आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"येऊन गेला की तो," ती म्हणाली. "आता कुणाला बघायचं?"

मी पुष्कळ समजावलं, तो परत येईल म्हटलं. तिनं पुन्हा गाड्यांकडं पाठ केली. चष्मा शेंगावालीच्या हवाली करून मी दुकानात आले आणि एसीच्या त्या गारव्यात उभी राहून मालकांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "पण ताई, तो मुलगाच होता कशावरून?"

ते सांगू शकणारी एकटी तीच होती. आणि तो माणूस तिच्यासमोर बसला होता तेव्हा तिच्या काचा पैसे भरलेल्यांच्या मागं नंबरात होत्या.