उपासाची कॉफी

आमच्या जऊळक्यात कॉफी ही प्यायची वस्तू नव्हती, दाखवायची होती. गडीमाणसं चहा प्यायला लागली तसा माझ्या सासऱ्यांना चहा हलका वाटू लागला. मग वाशीमहून कॉफीचा डबा आला. जायफळ घातलेली दाट कॉफी ते ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बसून पीत.

पुढे डोकं ठणकायला लागलं म्हणून रेल्वेनं अकोल्याला गेले. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला नि बजावलं, "रक्तदाब फार चढलाय. कॉफीनं आणखी चढेल. बंद करा."

बंद झाली. जेमतेम एकादशीपर्यंत. त्या सकाळीच हाक आली, "सूनबाई, कॉफी ठेव."

"मामाजी, डॉक्टरनं नाही म्हटलं न?"

"आज उपास हाये. उपासाच्या कॉफीनं काय होते?"

घ्या! एरवी विष, उपासाला तीर्थ. पारा काय पंचांग पाहून चढतो? पण विचारणार कोण? ओसरीवरची मित्रमंडळी माना डोलवायला तयारच, वर आपलेही पेले पुढे करायची. मग सोमवार सुरू झाले, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, प्रदोष. कधी देवापुढे हात न जोडलेला माणूस कॉफीपायी भक्त झाला.

हाल झाले सासूबाईंचे. नवरा उपाशी, तर बायको जेवणार कशी? कॉफी त्यांना सोसत नव्हती, भगर पचत नव्हती. "नका पिऊ, मले धास्ती वाटून राह्यली," म्हणून त्या रडायच्या. "बायकायले काय समजते?" हे ठरलेलं उत्तर.

एका सोमवारी सासऱ्यांच्या हातून पेला पडला. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं, वाचा गेली. कॉफीनंच झालं, असं डॉक्टरही म्हणाला नाही. पण जपायला सांगितलेल्या जिवाशी या शहाण्यानं पोरखेळ केला, हे मी म्हणते. मला त्याचा आजही संताप येतो.

पुढच्या एकादशीला मंडळी समाचाराला आली. "मोठा पुण्यवान मानूस," म्हणाली नि सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहू लागली. सासूबाई बाहेर आल्या. हातात मऊ भाताचं ताट होतं.

"वहिनी, आज एकादशी हाये!" एकजण दचकून म्हणाला.

"असन. या घरचे उपास संपले."

सगळ्यांदेखत त्यांनी सासऱ्यांना भात भरवला. सासऱ्यांनी तो मुकाट गिळला. मग सासूबाई तिथंच खाली बसल्या आणि उरलेला भात स्वतः पोटभर जेवल्या.